काटोलच्या अशनीला 'एल ६' का म्हणतात? खनिजं आणि पोत वाचायची रीत

खडकवाचक (धागाकर्ता)

मागे लोणारच्या धाग्यावर कुणीतरी काटोलचा विषय काढला होता. 'तो एल ६ आहे' असं एका सदस्याने लिहिलं, त्यावर तिघांनी 'म्हणजे काय?' विचारलं आणि धागा भलतीकडे गेला. तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं. भूशास्त्र शिकलो, काही वर्षं शिकवलंही, आणि अशनी हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. थोडं लांबेल.

२२ मे २०१२ च्या दुपारी नागपूर जिल्ह्यात काटोलच्या परिसरात दगड पडले. एकूण माल साधारण १३ किलो. तपासणीनंतर नोंद झाली ती अशी: ऑर्डिनरी कॉन्ड्राइट, एल ६. (कॉन्ड्राइट म्हणजे गोलसर दाण्यांचा दगडी अशनी, त्यावर पुढे येतोच.) पृथ्वीवर पडताना दिसलेल्या अशनींपैकी बहुतेक याच ऑर्डिनरी कॉन्ड्राइट गटातले असतात, म्हणून नावात 'साधा' हा शब्द. दगड मात्र साडेचार अब्ज वर्षांपूर्वीचा आहे.

'एल' आणि '६' ही दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत, हे आधी डोक्यात पक्कं करा. 'एल' सांगतं की दगडात लोह किती आहे आणि ते कोणत्या रूपात आहे. '६' सांगतो की हा दगड त्याच्या मूळ लघुग्रहाच्या पोटात किती भाजला गेला. पहिलं उत्तर खनिजांच्या रसायनात सापडतं, दुसरं पोतात. मी विद्यार्थ्यांना सांगायचो, अक्षर यंत्र देतं, आकडा डोळा देतो.

आधी अक्षर. दगडाचा मोठा भाग ऑलिविन आणि पायरॉक्झीन या दोन खनिजांचा. त्यांच्या जोडीला प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार, लोह-निकेलचे धातुकण (कामासाइट आणि टेनाइट), लोह-गंधकाचं ट्रॉइलाइट, थोडं क्रोमाइट, थोडे फॉस्फेट. ऑलिविनमध्ये मॅग्नेशियमच्या जागी लोह बसू शकतं. शंभर जागांपैकी किती जागी लोह बसलंय तो आकडा म्हणजे फायालाइटचं प्रमाण. ऑर्डिनरी कॉन्ड्राइटांची एच, एल आणि एलएल अशी तीन कुटुंबं आहेत. एच कुटुंबात तो साधारण १६ ते २०, एल मध्ये २२ ते २६, एलएल मध्ये २७ ते ३२. धातूचं गणित बरोबर उलटं: एच मध्ये वजनाच्या १५ ते १९ टक्के धातू, एल मध्ये ४ ते ९, एलएल मध्ये जेमतेम तीनपर्यंत.

हे उलटं का, ते प्रायर यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्याच दशकात सांगून ठेवलंय. ऑक्सिजन जास्त मिळाला की लोह धातूतून निघून सिलिकेटांत, म्हणजे ऑलिविन-पायरॉक्झीनसारख्या खनिजांत शिरतं. निकेल एवढ्या सहजासहजी जात नाही, ते मागे राहतं. म्हणून धातू जितका कमी, तितका तो निकेलने श्रीमंत, आणि ऑलिविन तितकं लोहाने भरलेलं. इतका साधा आणि इतका पक्का नियम आमच्या विषयात फार थोड्या ठिकाणी मिळतो. शिवाय एकूण लोहही तिन्ही कुटुंबांत सारखं नाही. एच म्हणजे 'हाय', एल म्हणजे 'लो', एलएल म्हणजे लोहही कमी आणि धातूही कमी. १९५३ मध्ये यूरी आणि क्रेग यांनी जुनी विश्लेषणं चाळून एच आणि एल हे दोन ढीग वेगळे दाखवले.

आता आकडा. इथे मला जरा रेंगाळू द्या.

कॉन्ड्राइट हे नाव त्यातल्या कॉन्ड्रूल नावाच्या गोलसर दाण्यांवरून पडलं. मिलिमीटरच्या आतबाहेरचे हे दाणे. ग्रह बनायच्या आधी धुळीचे गोळे अवकाशात वितळले, थेंब झाले, तासाला शेकडो अंश या वेगाने गार झाले, ते हे. सॉर्बी यांनी १८७७ मध्ये त्यांना अग्निवर्षावाच्या थेंबांची उपमा दिली होती. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे प्रकार लगेच ओळखू येतात. काहींत ऑलिविनचे टपोरे स्फटिक काचेत रुतलेले, काहींत पायरॉक्झीनच्या काड्या एका टोकापासून पंख्यासारख्या पसरलेल्या, आणि काहींत ऑलिविनच्या समांतर पट्ट्या, खिडकीच्या गजांसारख्या. याला 'बार्ड ऑलिविन' म्हणतात.

पदव्युत्तर शिक्षण घेत असताना एका एल ६ दगडाची काचपट्टी मला दुपारभर वापरायला मिळाली. दगडाचा काप घासून घासून ०.०३ मिलिमीटर जाडीचा करतात आणि काचेवर चिकटवतात. इतका पातळ झाला की त्यातून प्रकाश आरपार जातो. आधी साध्या प्रकाशात पाहिलं. करडा, दाणेदार, सगळीकडे सारखा. मी ज्यासाठी आलो होतो ते गोल दाणे कुठेच नव्हते. पहिली पंधरा मिनिटं मला वाटलं चुकीची पट्टी दिली. मग दुसरा पोलरायझर (एकाच दिशेने कंपणारा प्रकाश जाऊ देणारी चकती) आत सरकवला. ऑलिविन निळं-गुलाबी-पिवळं पेटलं, पायरॉक्झीन करडं आणि फिकट पिवळं राहिलं, धातू आणि ट्रॉइलाइट काळे. आणि एका कोपऱ्यात सात-आठ समांतर गज दिसले. स्टेज, म्हणजे पट्टी ठेवायची गोल चकती, फिरवली तर सगळे गज एकदम विझले, अजून फिरवली तर एकदम उजळले, कारण ते सगळे एकाच स्फटिकाचे भाग. गज होते, चौकट नव्हती. कॉन्ड्रूलची कड आजूबाजूच्या दाण्यांत विरघळून गेली होती. गजांमधली काच जाऊन तिथे फेल्डस्पारचे स्वच्छ दाणे वाढले होते.

हीच '६' ची खूण. १९६७ मध्ये व्हॅन श्मुस आणि वुड यांनी ही श्रेणी मांडली. ३ मध्ये कॉन्ड्रूल ठसठशीत, आत काच शाबूत, आणि प्रत्येक ऑलिविन दाण्याचं रसायन वेगळं. ४ मध्ये कडा अजून ठळक, पण काच गढूळ होऊन बारीक स्फटिकं धरायला लागलेली, आणि ऑलिविन एकसारखं झालेलं. ५ मध्ये कॉन्ड्रूल ओळखू येतात, कडा पुसट. ६ मध्ये शोधावे लागतात. फेल्डस्पारचे दाणे मोजले की ५ आणि ६ मधला वाद बराचसा मिटतो: ५० मायक्रॉनच्या वर, म्हणजे बारीक केसाच्या जाडीएवढे झाले, की ६.

भाजलं कशाने? लघुग्रह नवा असताना त्यात ॲल्युमिनियम-२६ हा किरणोत्सारी अणू होता. अर्धायुष्य साधारण सात लाख वर्षं, म्हणजे तो लवकर संपला, पण संपेपर्यंत आतला भाग ८०० ते ९५० अंशांपर्यंत तापवून गेला. वितळला नाही, पण दाण्यांना वाढायला आणि रसायन आपापसात वाटून घ्यायला भरपूर वेळ मिळाला. कांद्याच्या पापुद्र्यांसारखी रचना डोळ्यांपुढे आणा: गाभ्याकडे ६, सालीकडे ३. काटोलचा दगड त्या कांद्याच्या आतल्या बाजूचा.

धक्क्याचा भाग, म्हणजे अवकाशातल्या टकरींनी दगडावर उमटलेल्या खुणा, मुद्दाम सोडलाय, प्रतिसादांत बोलू.

संत्रानगरी

मी काटोलचाच. त्या दिवशी घरीच होतो. मे महिन्याची दुपार, रस्त्यावर कुत्रं नाही. अचानक गडगडलं, आणि आभाळ पाहिलं तर कोरडं ठणठणीत. घरच्यांना वाटलं कुठे सिलिंडर उडाला. दोन दिवसांनी कळलं दगड पडलेत. नंतर एकाच्या हातातला तुकडा जवळून पाह्यला. बाहेरून काळा, डांबर फासल्यासारखा, आणि तुटलेल्या बाजूनं सिमेंटसारखा पांढुरका करडा. मला तर वाटलं होतं आतूनही काळाच असेल बाप्पा. तो आतला रंग का एवढा फिका?

खडकवाचक

@संत्रानगरी, हे वाचून फार बरं वाटलं, प्रत्यक्ष पाहिलेला माणूस भेटला. बाहेरची काळी साल म्हणजे वातावरणातून येताना वितळलेला पृष्ठभाग. ती मिलिमीटरहून पातळ असते. वितळायच्या त्या काही सेकंदांत उष्णतेला आत शिरायला वेळच मिळत नाही, म्हणून सालीच्या आतला दगड जसाच्या तसा राहतो. आतला फिका रंग ऑलिविन-पायरॉक्झीन-फेल्डस्पारचा, आणि तोही ताजा असल्यामुळे. तुम्ही तो तुकडा पाऊस लागण्याआधी पाहिला. पावसाळाभर शेतात पडला असता तर धातुकणांभोवती गंज धरून आतून तपकिरी डाग पडले असते. गंजण्याचीही वेगळी श्रेणी आहे, डब्ल्यू ० पासून डब्ल्यू ६ पर्यंत.

तुटलेल्या बाजूला उन्हात चमकणारे बारीक ठिपके दिसले होते का? रुपेरी ते धातू, पितळी झाक असलेले ते ट्रॉइलाइट.

संत्रानगरी

हो, चमकत होतं. आम्ही चांदी समजलो होतो.

गणितवाल्या_बाई

खूप छान समजावलंत. एक शंका. श्रेणी ३ पासून का सुरू केलीत? १ आणि २ कुठे गेले? आणि ६ म्हणजे सगळ्यात 'पक्का' दगड असं समजायचं का?

खडकवाचक

बाई, तुमच्या शंकेत या श्रेणीचा एक जुना गोंधळ आहे. १९६७ मध्ये १ ते ६ अशी एकच चढण धरली होती. आज आपण ३ हा मुक्काम मानतो आणि तिथून दोन वाटा फुटतात. ४, ५, ६ कडे जाल तसं भाजणं वाढतं. २ आणि १ कडे जाल तसं पाण्याने बदलणं वाढतं, म्हणजे खनिजांची चिकणमाती होणं. म्हणून सगळ्यात कमी बदललेला दगड ३ च्या सुरुवातीला असतो. ६ जून २०१७ ला जयपूरजवळ मुकुंदपुऱ्याला पडलेला कार्बनी कॉन्ड्राइट सीएम २ आहे (सीएम हे कार्बनी कॉन्ड्राइटांतलं एक कुटुंब), पाण्याच्या वाटेवरचा. काटोल आगीच्या वाटेवरचा.

आणि ३ च्या आतही दहा पायऱ्या आहेत. २८ जानेवारी १९७६ ला गुजरातेत धजाला इथे पडलेला दगड एच ३.८, म्हणजे ४ च्या उंबरठ्यावर. मध्य प्रदेशात १९४० मध्ये पडलेला सेमरकोना हा एलएल ३.००, ऑर्डिनरी कॉन्ड्राइटांतला सगळ्यात कोवळा म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत त्याच्या कणाकणाला मागणी असते. मंडला जिल्ह्यातल्या एका गावाचं नाव या विषयातल्या प्रत्येक माणसाच्या तोंडी आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

प्रोबवाला

धागा उत्तम, पण 'अक्षर यंत्र देतं, आकडा डोळा देतो' या वाक्याला माझी हरकत आहे. मी इलेक्ट्रॉन प्रोबवर, म्हणजे इलेक्ट्रॉनचा झोत टाकून एकेका दाण्याचं रसायन मोजणाऱ्या यंत्रावर काम करतो म्हणून नव्हे, वाचणाऱ्यांचा गैरसमज होईल म्हणून.

३ आणि ४ मधली रेघ डोळा ओढू शकत नाही. त्यासाठी तीसेक ऑलिविन दाण्यांचं लोह मोजायचं, सरासरीपासून प्रत्येक जण किती दूर आहे ते बघायचं. सरासरी विचलन पाच टक्क्यांच्या वर असेल तर ३. सेमरकोनासारख्या ३.० च्या आसपासच्या दगडांत तर ऑलिविनमधलं क्रोमियम मोजतात, कारण भाजायला लागल्याबरोबर ते सगळ्यात आधी हलतं. १९८० च्या सुमारास उष्णतेने निघणाऱ्या प्रकाशावरून, म्हणजे थर्मोल्युमिनेसन्सवरून ३ च्या दहा पायऱ्या पाडल्या गेल्या. तेही यंत्रच.

आणि उलट बाजूनेही. एच, एल, एलएल ठरवताना फक्त फायालाइट पाहू नका. आकडा सीमेवर आला की पायरॉक्झीनचं लोह आणि कामासाइटमधलं कोबाल्ट बघा: एच मध्ये अर्धा टक्का, एल मध्ये पाऊण ते एक, एलएल मध्ये त्याहून बरंच वर. कॉन्ड्रूलच्या आकारातही थोडा फरक असतो, एच चे लहान, एलएल चे मोठे. हे डोळ्याने दिसतं!

खडकवाचक

@प्रोबवाला, मान्य. वाक्य ५-६ पुरतं खरं आहे, ३-४ साठी चूक. वर्गात सोपं करून सांगताना ती सवय लागली. क्रोमियमचा मुद्दा मी लिहायला हवा होता.

माझं म्हणणं इतकंच उरतं: प्रोबवर जाण्याआधी काचपट्टी नीट बघायलाच हवी. कारण प्रोब ज्या दाण्यावर ठेवाल त्याचंच सांगतो. राजस्थानात २००० साली पडलेला इटावा भोपजी हा एल ३-५ आहे. एकाच दगडात कमी भाजलेले आणि जास्त भाजलेले तुकडे चुऱ्यात जोडले गेलेत. तिथे दाणे कुठले निवडले यावर उत्तर बदलतं, आणि ते तुकडे आधी डोळ्यालाच दिसतात.

प्रोबवाला

यावर दुमत नाही. पट्टी न बघता थेट प्रोबवर आलेले नमुने मी परत पाठवतो.

लोणारकर

धक्क्याबद्दल मी लिहू का? लोणारच्या निमित्ताने या वाटेला लागलो, म्हणून.

धक्क्याची श्रेणी एस १ ते एस ६, ही १९९१ ची. ऑलिविन आणि प्लॅजिओक्लेजकडे बघून ठरते. स्टेज फिरवताना ऑलिविन दाणा एका क्षणी पूर्ण विझला तर एस १. सावली दाण्यावरून लाटेसारखी सरकली तर एस २. मग समांतर भेगा, मग दाण्याचे तुकडे तुकडे वेगवेगळे विझणं. एस ५ ला प्लॅजिओक्लेज न वितळताच काच होतं, आकार स्फटिकाचा आणि आतली रचना मोडलेली. त्या काचेला मॅस्केलिनाइट म्हणतात. ती पहिल्यांदा ओळखली गेली बिहारमधल्या शेरघाटीच्या अशनीत, जो १८६५ मध्ये पडला आणि मंगळावरचा आहे हे फार नंतर कळलं. लोणारच्या बेसाल्टमध्येही (आपला काळा पाषाण) मॅस्केलिनाइट आहे, आणि ते विवर ज्वालामुखीचं नसून आघाताचं आहे याचा तो मोठा पुरावा.

आता काटोल. त्याच्यात बारीक काळ्या शिरा आहेत. आघाताच्या वेळी तिथला दगड क्षणभर वितळला. त्या शिरांत ऑलिविनचं रिंगवुडाइट (प्रचंड दाबाखाली होणारं त्याचं घट्ट रूप) झालेलं सापडलं, आणि २०२१ मध्ये ब्रिजमनाइट सापडल्याचं प्रसिद्ध झालं. ब्रिजमनाइट हे आपल्या पृथ्वीतलं सगळ्यात विपुल खनिज, पण ते ६६० किलोमीटरच्या खाली. तिथला दाब वातावरणाच्या दोन लाख पटींहून जास्त. तिथपर्यंत कुणी पोचलेलं नाही. निसर्गात ते ओळखून त्याला नाव मिळालं तेच मुळी २०१४ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या टेनहॅमच्या अशनीमुळे. तोही एल ६!

खडकवाचक

सुंदर. एल कुटुंबाचा मूळ लघुग्रह सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी एका मोठ्या टकरीत फुटला, आणि या कुटुंबातल्या पुष्कळ दगडांत त्या टकरीचा ठसा मिळतो. स्वीडनच्या खाणींत त्याच काळातल्या चुनखडीत जीवाश्म झालेले एल दगड सापडलेत.

शेवंतीची_वाडी

मी सातारा जिल्ह्यातली. आमच्या विहिरीचं काम चाललं होतं तेव्हा सासऱ्यांनी एक दगड बाजूला ठेवला, नारळाएवढा, काळा, जड. चुंबक चिकटतो, जोरात नाही पण चिकटतो. आणि तुटलेल्या बाजूला पांढरे गोल दाणे आहेत! वरचं वाचून अंगावर काटा आला. हे कॉन्ड्रूल असतील का? सासरे म्हणतात नागपूरला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ऑफिसात घेऊन जाऊ. एवढा प्रवास करण्याआधी घरी काही तपासता येईल का?

खडकवाचक

शेवंतीताई, घरी बरंच तपासता येतं. आधी काय करू नका ते सांगतो. ॲसिड लावू नका, पाण्यात बुडवून ठेवू नका, आणि पुन्हा जोरदार चुंबक लावू नका. खरा अशनी असेल तर त्यात जपलेली जुनी चुंबकीय नोंद त्याने पुसली जाते.

आता हे करा. दगडाचा एक छोटा कोपरा, बोटाच्या पेराएवढा, पॉलिश पेपरवर कोरडाच घासून सपाट करा. मग उन्हात धरून दहा पट भिंगाने पहा. कॉन्ड्राइटमध्ये धातूचे कण घासल्यावर लखलखीत दिसतात. ते दिसले नाहीत तर जवळजवळ उत्तर मिळालं. मग त्या पांढऱ्या दाण्यांवर लक्ष द्या. ते सगळे एकसारखे शुभ्र आहेत का? आत काड्या मधून बाहेर पसरल्यासारख्या दिसतात का? दाण्याभोवती हिरवट कडा आहे का? एखादा दाणा निखळून खळगा राहिलाय का?

विचारण्याचं कारण असं. आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे लाव्हा. त्यातले वायूचे बुडबुडे नंतर झिओलाइटने, गारेने भरतात. ते गोल आणि पांढरे दिसतात. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइटही असतं, म्हणून चुंबक हलका चिकटतो.

वजनही करा. दगड दोरीने बांधून आधी हवेत, मग क्षणभर पाण्यात लोंबकळत ठेवून ताणकाट्यावर तोला. हवेतलं वजन भागिले दोन्हींतला फरक. बेसाल्ट २.९ च्या आसपास, पोकळ्या असतील तर त्याहून कमी. कॉन्ड्राइट ३.२ ते ३.७.

शेवंतीची_वाडी

दोन दिवस गेले, मुलगी शाळेतून भिंग घेऊन आली. कोपरा घासला. चकाकणारा कण एकही नाही. पांढऱ्या दाण्यांच्या आत बारीक काड्या आहेत, आणि प्रत्येक दाण्याला हिरवी कडा, अगदी शेवाळासारखी. दोन ठिकाणी दाणा निघून गुळगुळीत खड्डा राहिलाय, त्यालाही आतून हिरवं अस्तर. वजनाचा हिशेब २.७ आला.

खडकवाचक

मग बेसाल्टच, ताई. हिरवं अस्तर सेलाडोनाइट नावाच्या खनिजाचं असावं. बुडबुड्याच्या भिंतीवर ते आधी बसतं आणि आतली पोकळी नंतर झिओलाइटने भरते. कॉन्ड्रूलला असं अस्तर नसतं, आणि तो निखळला तर मागे हिरवा खळगा राहत नाही. नागपूरचा प्रवास वाचला. दगड मात्र फेकू नका, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातला आहे. तो निघालेला खड्डा भिंगाखाली अजून एकदा बघा: हिरव्या थरावर पांढऱ्या काड्यांची टोकं चिकटून राहिली असतील, तर कोणतं खनिज आधी आलं ते मुलीला तिथेच दाखवता येईल.

शेवंतीची_वाडी

आहेत! टोकं आहेत. तीच आधी ओरडली.